पाण्यात उभ्या झाडाला दुष्काळ कसा कळतो?

गेल्या अंकात झाडाच्या खोडातल्या वलयांवरून जुना पाऊस कसा काढतात यावर एक छोटं टिपण होतं आणि त्यात जाता जाता अमेरिकेच्या दलदलीत पाण्यात उभ्या असलेल्या बाल्ड सायप्रस नावाच्या झाडाच्या वलयांतूनही जुने दुष्काळ कळतात असा उल्लेख होता, त्या एका उल्लेखावर एवढे मेल आले की या वेळचं सदर सगळं त्यालाच दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, मोठी पत्रं थोडी कापलीत, रागावू नका.

प्रश्न (पंढरपूर भागातले एक शेतकरी वाचक): आमच्याकडे दुष्काळ पडला की माळावरचं झाड वाळतं, विहिरीकाठचं हिरवंगार राहतं. मग जे झाड कायम पाण्यातच उभं आहे त्याच्या वलयात दुष्काळ कुठून येणार? मला काही हे पटलं नाही बघा.

उत्तर: दादा, तुमची शंका एकदम रास्त आहे. वलयांवर काम करणारे लोक साधारणपणे मुद्दाम कोरड्या, खडकाळ उतारावरची झाडं निवडतात, कारण तिथे झाड पावसावरच जगतं आणि पाऊस कमी झाला की वलय लगेच बारीक होतं. त्या हिशोबाने दलदल ही सगळ्यात चुकीची जागा वाटते.

पण अर्कान्सा विद्यापीठातले डेव्हिड स्टाले आणि माल्कम क्लीव्हलँड यांनी १९८० च्या दशकात अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या नद्यांकाठच्या सायप्रसचे नमुने घेतले आणि पर्जन्यमापकाच्या नोंदींशी ताडून बघितले तर मेळ चक्क चांगला बसला. वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला, म्हणजे तिकडच्या एप्रिल ते जूनमध्ये, पाऊस चांगला झाला तर त्या वर्षीचं वलय रुंद, पाऊस कमी आणि ऊन जास्त तर वलय बारीक. १९८८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांनी नॉर्थ कॅरोलायनाचा इसवी सन ३७२ पासून १९८५ पर्यंतचा ओल्या-कोरड्या वर्षांचा आलेख छापला, म्हणजे सोळाशे वर्षांच्या वर, आणि तो पाण्यातल्या झाडांवरून.

आता कारण. आपल्या डोळ्यासमोर जे चित्र येतं ते तळ्यात बुडालेल्या झाडाचं असतं, पण नदीकाठच्या दलदलीत पाणी चढतं, उतरतं, कधी महिनोन्‌महिने नुसता चिखल असतो. आणि या झाडाची बरीचशी मुळं खोल न जाता आडवी, वरच्या थरात पसरलेली असतात, कारण खाली चिखलात हवाच नाही. म्हणजे तुमच्या विहिरीकाठच्या झाडाने मूळ खाली ओलीपर्यंत नेलेलं असतं, याचं तसं नाही, पाणी उतरलं आणि वरचा थर सुकला की याची बारीक मुळं अडचणीत येतात. त्यात हे झाड सूचिपर्णी असूनही हिवाळ्यात पानं सगळी गाळतं, त्यामुळे वसंतात अख्खा पानोरा नव्याने उभा करायचा असतो, नेमकी तेव्हाच पाण्याची मागणी सगळ्यात जास्त. दुसरी गोष्ट मला स्वतःला जास्त महत्त्वाची वाटते ती म्हणजे पाणी किती आहे यापेक्षा ते वाहतंय का. वर पाऊस झाला की ताजं पाणी दलदलीत पसरतं, त्यात विरघळलेला ऑक्सिजन असतो, गाळाबरोबर पोषणद्रव्यं येतात. पाऊस नसला की उरतं ते साचलेलं, ऑक्सिजन संपलेलं पाणी, त्यात झाड उभं राहतं पण वाढत नाही.

याच्या बरोब्बर उलटं अॅमेझॉनमध्ये. तिथे नदीचा पूर दरवर्षी येतो आणि काठची जंगलं कित्येक महिने पाण्यात असतात, खूप खोल पाण्यात. तेवढे दिवस मुळांना हवा नाही म्हणून वाढ थांबते, बरीच झाडं पानं गाळतात, आणि ती थांबलेली वाढ म्हणजेच वलयाची रेघ. थंडी नाही, बर्फ नाही, तरी वर्षाला एक वलय, निव्वळ पुरामुळे. योहेन शोंगार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या झाडांवर दाखवलं की एल निनोच्या वर्षी, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापतं त्या वर्षी, पूर कमी काळ राहतो, झाडाला वाढायला जास्त दिवस मिळतात आणि वलय रुंद येतं. म्हणजे एका दलदलीत रुंद वलय म्हणजे भरपूर पाऊस आणि दुसऱ्या दलदलीत रुंद वलय म्हणजे पाणी लवकर ओसरलं. म्हणून झाडाला काय कळलं हे आधी त्या जागेच्या नोंदींशी ताडायचं आणि मगच मागच्या शतकांबद्दल बोलायचं. एकाच नियमाने सगळीकडे वाचत सुटलात की फसलात.

प्रश्न (नाशिक): यासाठी हजार-दोन हजार वर्षांची झाडं कापतात का?

उत्तर: नाही. आतून पोकळ असलेला हाताने फिरवायचा एक गिरमिट असतो, तो सालीपासून गाभ्याच्या दिशेने आत नेतात आणि आतून साधारण ५ मिलिमीटर जाडीची लांब काडी बाहेर येते, तिला कोअर म्हणतात. सायप्रसचा बुंधा खाली खूप फुगलेला असतो आणि तिथली वलयं वेडीवाकडी, काही जागी तर गायबच, म्हणून शिडी लावून किंवा वर चढून त्या फुगवट्याच्या वरून कोअर काढतात, खाली पाणी, हातात गिरमिट, अवघड काम आहे. जखम झाड आतून बंद करून घेतं. तरी जखम ती जखमच, त्यामुळे परवानगीशिवाय कोणी हे करू नये असं माझं स्पष्ट मत आहे, मोबाइलवर व्हिडिओ बघून घरच्या झाडाला भोक पाडणं तर अजिबात नको.

प्रश्न (दापोली): परसातला साग वादळात पडला. बुंध्यावरची वलयं मोजली तर आजोबा लावणीचं साल सांगायचे त्याच्या मानाने पाच-सहा कमी भरली. आजोबा चुकले की झाड?

उत्तर: बहुतेक दोघंही बरोबर आहेत. एक तर तुम्ही मोजलं ते जमिनीपासून किती वर? रोपाला त्या उंचीवर पोचायला जी वर्षं लागली ती त्या कापात नसतातच. दुसरं, गाभ्याजवळची आणि सालीजवळची वलयं नुसत्या डोळ्यांना नीट दिसत नाहीत. कापलेला भाग आधी जाड आणि मग बारीक पॉलिश पेपरने घासा, थोडा ओला करा, भिंग घ्या आणि दोन वेगळ्या दिशांनी मोजा, दोन्हीकडे आकडा वेगळा आला तर दचकू नका.

पण तुमच्या प्रश्नामुळे मला जे सगळ्यात आवडीचं ते सांगता येतंय, आणि तेच या शास्त्राचं मर्म आहे. वलयं मोजणं म्हणजे तारीख काढणं नव्हे. झाड एखाद्या वाईट वर्षी खोडाच्या एका बाजूला वलय करतच नाही, आणि कधी हंगामाच्या मध्ये पाणी तुटलं, वाढ मंदावली आणि परत पाऊस आला की एकाच वर्षात दोन रेघा दिसतात, त्यातली एक खोटी. सायप्रसमध्ये हे दोन्ही भरपूर. हजार वलयांत अशा वीस चुका राहिल्या तर शेवटी तुम्ही सांगितलेलं साल वीस वर्षांपर्यंत चुकलेलं असू शकतं आणि मग त्यावर दुष्काळाची गोष्ट रचण्यात काही अर्थ नाही.

उपाय असा की एक झाड वाचायचंच नाही, अनेक झाडं एकमेकांशी जुळवायची. एका भागात दुष्काळ पडला तर तो सगळ्या झाडांवर पडतो, त्यामुळे बारीक-रुंद-रुंद-बारीक असा जो क्रम एका झाडात आहे तोच शेजारच्या झाडांत असायला हवा, फाटलेल्या नोटेचे दोन तुकडे कडेला कडा लावून जुळवतो तसा. एका झाडात क्रम अचानक एका वर्षाने सरकला की समजायचं इथे वलय हरवलंय किंवा खोटं घुसलंय, आणि परत मायक्रोस्कोपखाली त्याच जागी जायचं. या जुळवणीलाच क्रॉसडेटिंग म्हणतात. ती पद्धत उभी केली अँड्र्यू डग्लस यांनी, मूळचे खगोलशास्त्रज्ञ, सूर्यावरच्या डागांचं चक्र झाडांत दिसतं का हे शोधत होते आणि त्या नादात १९२९ मध्ये अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडच्या जुन्या वस्त्यांतल्या तुळया कोणत्या वर्षीच्या ते लावून दिलं. जिवंत झाडापासून सुरू करून जुन्या, मेलेल्या लाकडापर्यंत साखळी जोडत मागे जाता येतं ते याच जुळवणीमुळे.

आणि हो, झाड म्हातारं होतं तसं तेवढंच लाकूड मोठ्या घेरावर पसरतं म्हणून वलयं आपोआप बारीक होत जातात, त्याचा पावसाशी संबंध नाही, तो उतार आधी गणिताने काढून टाकावा लागतो. हे न करता कोणी म्हणालं की बघा पूर्वी पाऊस जास्त होता, तर विश्वास ठेवू नका.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): वलय बारीक झालं ते पावसामुळेच कशावरून? कीड, आग, भूकंप काहीही असेल.

उत्तर: भूकंप म्हणालात म्हणून खरंच घडलेलं सांगते. १८११-१२ च्या हिवाळ्यात मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात न्यू माद्रिद भागात प्रचंड भूकंप झाले, जमीन काही ठिकाणी खचली, काही ठिकाणी वर आली, आणि टेनेसीमध्ये रीलफूट नावाचा अख्खा तलाव तयार झाला. तिथे आधीपासून असलेले सायप्रस कायमचे पाण्यात गेले. त्यांच्या खोडात भूकंपानंतरच्या दशकात वाढ एकदम उसळलेली दिसते, आणि लाकडाची घनता मात्र कमी झाली ती कायमचीच. तिथून जवळच सेंट फ्रान्सिस नदीच्या खचलेल्या भागातले सायप्रस मात्र त्याच भूकंपानंतर पुढे कित्येक वर्षं खुरटले. एकच घटना, झाडाची जात तीच, परिणाम उलटे.

यातूनच तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. भूकंप, आग, लाकूडतोड यांची खूण जागेपुरती असते, दुष्काळाची खूण शेकडो किलोमीटरवरच्या वेगवेगळ्या नद्यांच्या झाडांत एकाच साली दिसते. शिवाय पर्जन्यमापकाच्या नोंदी ज्या काळासाठी आहेत त्याचे दोन भाग करतात, एका भागावरून वलय आणि पावसाचं नातं बसवायचं आणि दुसऱ्या भागावर ते तपासायचं, जिथे उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे. त्या परीक्षेत नापास झालेलं नातं मागच्या शतकांसाठी वापरत नाहीत.

प्रश्न (नॉर्थ कॅरोलायनात राहणारी एक मराठी वाचक): आम्ही मुलांना घेऊन ब्लॅक रिव्हरवर कयाक चालवायला गेलो होतो. तिथे सांगितलं की यातली काही झाडं २६०० वर्षांची आहेत. पण ती काही फार मोठी दिसत नव्हती हो! खरंय का हे?

उत्तर: खरंय, आणि तुम्ही नशीबवान आहात. स्टाले आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलं की ब्लॅक रिव्हरच्या दलदलीतला एक सायप्रस २०१८ साली किमान २६२४ वर्षांचा होता, आणखी एक २०८८ वर्षांचा. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातली माहीत असलेली ही सगळ्यात जुनी जिवंत झाडं, आणि पाणथळ जागेत वाढणाऱ्या झाडांत तर जगात याहून जुनं माहीत नाही. म्हणजे बहुतेक इतिहासकार मानतात तो काळ धरला तर आपल्याकडे गौतम बुद्ध जन्मले त्याच्या आधीच ते रोप रुजलेलं होतं.

यातला ‘किमान’ फार महत्त्वाचा. कोअर जमिनीपासून वर काढलेला असतो आणि जुन्या झाडांचा गाभा बहुतेक कुजलेला असतो, म्हणजे सगळ्यात आतली वर्षं हाती लागतच नाहीत. खरं वय जास्तच असणार. फ्लोरिडामध्ये ‘द सेनेटर’ नावाचा प्रसिद्ध सायप्रस होता, त्याचं वय ३५०० वर्षं सांगत, पण तो अंदाज होता, एकेक वलय जुळवून काढलेला आकडा नव्हता. २०१२ मध्ये तो आगीत जळाला, फार वाईट वाटतं. २६२४ हा आकडा मात्र जुळवलेल्या वलयांचा आहे आणि रेडिओकार्बनने, म्हणजे लाकडातल्या किरणोत्सारी कार्बनवरून वय काढायच्या पद्धतीने, पडताळलेला आहे.

मोठी दिसत नाहीत म्हणालात, तेच तर. ही नदी वाळूच्या प्रदेशातून येते, पाणी काळसर आणि पोषणद्रव्यं अगदी कमी, झाड कासवाच्या गतीने वाढतं, शेंडा मोडलेला, चपटा, खोड पिळवटलेलं आणि आतून पोकळ. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला या भागातले सायप्रस लाकडासाठी सरसकट तोडले गेले, पाण्यात न कुजणारं लाकूड म्हणून फार मागणी. ही वाकडी, पोकळ झाडं व्यापाऱ्याच्या कामाची नव्हती म्हणून वाचली. आज बराच भाग एका संवर्धन संस्थेने विकत घेऊन राखलाय पण सगळा नाही, आणि समुद्राची पातळी चढते तसं खारं पाणी नदीतून वर सरकायचा धोका आहे. याच किनाऱ्यावर खारं पाणी शिरून उभी वाळलेली जंगलं आहेत, पांढरे सांगाडे नुसते, मुलांना घेऊन एकदा तीही बघून या. परत गेलात की खोडांना, पाण्याबाहेर आलेल्या गुडघ्यांसारख्या मुळांना कयाक बांधू नका एवढी विनंती.

प्रश्न (पुण्यातले इतिहासाचे शिक्षक): इतिहासाच्या अभ्यासाला याचा नेमका उपयोग झालेला एखादं उदाहरण द्याल का? वर्गात सांगता येईल असं.

उत्तर: सर, एकदम वर्गात सांगण्यासारखं आहे. इंग्रजांनी १५८७ मध्ये रोआनोक बेटावर, आजच्या नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर, वसाहत केली. तिचा प्रमुख जॉन व्हाइट त्याच ऑगस्टमध्ये रसद आणायला इंग्लंडला गेला, स्पेनशी युद्ध पेटलं, परत आला तो १५९० मध्ये, तोवर माणसं गायब आणि एका खांबावर ‘क्रोएटोअन’, म्हणजे जवळच्या एका बेटाचं नाव, एवढं कोरलेलं. पुढे १६०७ मध्ये शेजारच्या व्हर्जिनियात इंग्रजांची जेम्सटाउन ही वसाहत वसली आणि तिथे लोक भुकेने आणि रोगांनी किड्यामुंग्यांसारखे मेले. इतिहासकारांनी बराच काळ दोष दिला तो वसाहतवाल्यांच्या आळसाला आणि ढिसाळ नियोजनाला.

१९९८ मध्ये स्टाले, क्लीव्हलँड, पुरातत्त्वज्ञ डेनिस ब्लँटन आणि सहकाऱ्यांनी त्या भागातल्या सायप्रसवरून दाखवलं की १५८७ ते १५८९ हा गेल्या ८०० वर्षांतला सगळ्यात तीव्र दुष्काळ होता आणि १६०६ ते १६१२ ही ७७० वर्षांतली सगळ्यात कोरडी सात वर्षं. म्हणजे दोन्ही वेळा माणसं उतरली ती नेमकी सगळ्यात वाईट काळात. वसाहतवाले स्थानिक आदिवासींच्या मक्यावर अवलंबून होते, त्या लोकांकडेच धान्य नव्हतं, त्यावरून झगडे, आणि जेम्सटाउनची नदी भरतीची, पाऊस नाही तर पाणी मचूळ. नियोजन वाईट नव्हतं असं यातून सिद्ध होत नाही, ते होतंच, पण आता मुलांना दोन्ही बाजू सांगता येतात.

आपल्या इतिहासाला जोडायचं तर १८७६-७८ चा दुष्काळ घ्या, ज्याने दख्खन होरपळली आणि वासुदेव बळवंत फडके बंडाला उठले. एडवर्ड कुक आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये आशियाभरच्या शेकडो ठिकाणच्या वलयांवरून मान्सूनच्या दुष्काळांचा नकाशासंग्रह काढला, त्यात तो दुष्काळ भारतापासून आग्नेय आशियापर्यंत एकसलग दिसतो. आपल्याकडे सागाची वलयं स्वच्छ असतात, पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकातच ठाणे भागातल्या सागावर काम केलं आणि पुढे हेमंत बोरगावकर आणि सहकाऱ्यांनी केरळातल्या सागावरून १४८१ ते २००३ असा ५२३ वर्षांचा क्रम उभा केला, कमी वाढीची बरीच वर्षं एल निनो आणि कमजोर मान्सूनशी जुळतात. हे पाठ्यपुस्तकात यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न (सावंतवाडी आणि गोव्यातून आलेले प्रश्न एकत्र): आमच्या खाडीतल्या तिवराची, कांदळाची वलयं वाचता येतील का? आणि दोडामार्गच्या हेवाळे-बांबर्डेच्या जंगलातही चिखलातून वर आलेली गुडघ्यांसारखी मुळं आहेत, ती सायप्रसची भावकी का?

उत्तर: भावकी नाही. बांबर्डेचं जंगल जायफळाच्या कुळातल्या झाडांचं, सायप्रस सूचिपर्णी. पण चिखलात हवा नसली की वेगवेगळ्या कुळातली झाडं मुळं वर काढतात, अडचण सारखी म्हणून तोडगा सारखा दिसतो. सायप्रसच्या गुडघ्यांचं काम काय यावर मात्र वाद जुना आहे, श्वासासाठी की चिखलात आधारासाठी. जायफळाची ही झाडं सदाहरित, वर्षभर ओल, त्यामुळे वर्षाची स्वच्छ रेघ पडण्याची अपेक्षा तिथे ठेवू नये.

तिवराचं खोड कापलेलं बघितलंत तर वलयं दिसतात, पण ती फसवी. इतर झाडांत लाकूड तयार करणारा थर एकच असतो, तिवरात असे थर एकापाठोपाठ एक नवे होत जातात, त्यामुळे एका वर्षात किती वलयं येतील याला नेम नाही. कांदळाचं बरं आहे. केनियात गाझी उपसागराच्या किनाऱ्यावर आपल्याकडच्याच जातीच्या कांदळात वर्षाचं वलय सापडलंय, पावसात लाकडातल्या पाणी नेणाऱ्या नलिका विरळ आणि कोरड्या हंगामात दाट, फक्त ते मायक्रोस्कोपखालीच नीट दिसतं. बांगलादेशातल्या सुंदरबनात सुंदरीच्या झाडावरही असं काम झालंय. कोकणातल्या खाड्यांत पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि बाकीचे महिने पाणी खारट, म्हणजे कांदळात फरक दिसायला जागा चांगली आहे, कुणीतरी नेटाने हात घालायला हवा.

प्रश्न (चिपळूण, बीएस्सी दुसरं वर्ष): मला हे शिकायचंय. सुरुवात कुठून करू?

उत्तर: वनस्पतिशास्त्र असेलच, पण सोबत स्टॅटिस्टिक्स मनावर घे, या कामात निम्मं डोकं तिथेच लागतं. आपल्या देशात पुण्याची हवामानशास्त्र संस्था आणि लखनौची बिरबल साहनी संस्था, दोन्हीकडे वलयांवर काम झालेलं आहे, प्रोजेक्टसाठी पत्र लिही, बिनधास्त लिही. आणि परवानगी, गिरमिट, पैसा काही नसताना आजच करण्यासारखं म्हणजे इंटरनॅशनल ट्री-रिंग डेटा बँक उघड, जगभरच्या झाडांची मोजलेली वलयं तिथे फुकट आहेत, सायप्रसचीही. आर (R) नावाची आकडेमोडीची संगणकप्रणाली फुकट मिळते, त्यात डीपीएलआर (dplR) हे वलयांसाठीचं पॅकेज टाक, एका जागेची फाइल उतरवून घे आणि आधी एकाच झाडाचा आलेख काढ, मग दुसऱ्याचा त्यावर ठेव. दोन्ही सुरुवातीला अजिबात जुळणार नाहीत, वयाचा उतार काढल्यावर जुळायला लागतील. नाही जुळले तर फाइलचं नाव आणि आलेख मला पाठव, आपण बघू कुठे अडलंय.